मतदारांवाचूनचा प्रतिनिधी

दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात १९२१ सालापासून सुमारे पाव शतक मजुरांची बाजू मांडणारे कै. नारायण मल्हार जोशी यांना एकाही मजुराने मत दिलेले नव्हते! १९१९ च्या सुधारणा-कायद्याने मताचा हक्क मालमत्ता व कर यांवर अवलंबून ठेविला होता. गिरणीतील साचेवाल्याचे नाव मतदारांच्या यादीत यावे कसे? म्हणून मजुरांतर्फे बोलणारा सभासद सरकारच नेमीत असे. ज्याने नेमावे त्याच्याच विरुद्ध उभे राहून बोलावयाचे, असे हे चमत्कारिक काम होते.

जोशी यांचा जन्म १८७९ साली कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. पदवीधर झाल्यावर त्यांनी काही वर्षे शिक्षकाचा पेशा केला. १९०९ साली ते नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले, आणि १९११ साली त्यांनी मुंबईस सोशल सर्व्हिस लीग ही संस्था काढिली. कामकऱ्यांसाठी रात्रीच्या शाळा व वाचनालये चालवीत असताना त्यांस गिरणगावाची खरी ओळख झाली.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली, तीस ते हिंदी मजुरांचे प्रतिनिधी म्हणून गेले. तेथील ठरावांस अनुसरून १९२२ साली कारखान्यांचा कायदा सुधारण्यात आला. पूर्वी नऊ वर्षांच्या मुलासही कारखान्यात घेता येत असे; आता बारा वर्षांखालील मुलास मज्जाव झाला. मोठ्यांच्या कामाचे तास आठवड्यास ६० ठरले. विद्यार्थ्यांनी आपल्या वर्गातील नऊ वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आणावा, म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळेल.

त्याच सुमारास मद्रासेस एका गिरणीच्या मालकांनी मजूर संघाच्या पुढाऱ्यांवर फिर्याद केली व हायकोर्टाने पुढाऱ्यांस मनाईहुकूम बजावला. म्हणजे संप करा असे सांगणारा मनुष्यच कायद्याच्या कचाट्यात सापडू लागला. जोशी यांनी मार्च १९२१ मध्ये मजूर संघांस कायद्याचे संरक्षण द्यावे असा ठराव आणिला आणि तो मान्यही झाला. परंतु कायदा होण्यास १९२६ साल उजाडले. पाच वर्षे! इतका काळ एकच गोष्ट न चिडता पुन्हा पुन्हा सांगत राहणे हे आवेशाच्या भाषणाहून कठीण आहे, असे आम्हास वाटते.

त्यांच्यावर टीकाही कमी झाली नाही. सरकारने नेमलेल्या मजूर कमिशनवर ते बसले. त्या कमिशनवर बहिष्कार घालावा असे म्हणणाऱ्यांचे १९२९ साली नागपूरच्या ट्रेड युनियन काँग्रेसमध्ये बहुमत झाले, तेव्हा जोशी आपल्या अनुयायांसह बाहेर पडले. मजुरांच्या चळवळीत फूट पडली ती तेव्हापासून. पुढे ऐक्य झाले व १९४० पासून ते पुन्हा त्याच काँग्रेसचे सरचिटणीस झाले.

एक विधेयक मात्र त्यांस साधले नाही. कामकरी स्त्रीस बाळंतपणापूर्वी व नंतर विश्रांती आणि भत्ता मिळावा, म्हणून त्यांनी ते १९२४ साली मांडिले होते. कायदेमंडळाने ते फेटाळले. १९२९ साली मुंबई इलाख्यापुरता तसा कायदा झाला. देशभर लागू होणारा कायदा १९६१ साली आला. जोशी १९५५ सालीच निवर्तले होते.