छपरावरचे दोन दोर

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वळसंगसारख्या गावांत धाब्याची जागा पत्र्यांनी घेतल्याला बराच काळ लोटला. आता 2024 च्या सूर्यघर योजनेमुळे छपरांवर सौर पॅनेल बसविणाऱ्यांची वर्दळही वाढली आहे. या मंडळींच्या अंगावर पट्टा आणि पट्ट्याला दोर दिसला की घरमालक निश्चिंत होतो. ही निश्चिंती गणिताच्या कसोटीस उतरत नाही.

दोन मीटरांचा दोर पायापाशी बांधलेला असेल, तर पट्ट्याची कडी पायांच्या दीड मीटर वर असल्याने मनुष्य साडेतीन मीटर खाली जातो आणि त्याचा वेग ताशी सुमारे 30 किलोमीटर होतो. हा हिसका थेट शरीरावर बसू नये म्हणून दोरात घडी घालून शिवलेली एक पट्टी असते. तिची शिवण उसवत जाते व ताण सुमारे 600 किलोंच्या भाराइतक्या मर्यादेत राहतो. मात्र या उसवण्यासाठी पावणेदोन मीटरपर्यंत जागा लागते, आणि दोर, पट्टी, मनुष्याची उंची व थोडी मोकळीक धरून बेरीज सव्वासहा मीटर होते. पाच मीटर उंचीच्या शेडवरून पडणाऱ्याला, अर्थातच, जमीन आधी भेटते.

दोर आखूड करून कडेपर्यंत पोहोचूच न देणे हा उपाय उत्तम खरा, पण सिमेंटचा पत्रा मधोमध फुटला तर तो निरुपयोगी. म्हणून 1980 नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये गुहासंशोधकांची जी दोरविद्या समुद्रातील तेलफलाटांवर आली, तिचा आश्रय घ्यावा: आढ्याकडील लोखंडी कैचीला एक ताणलेला दोर भार पेलण्यासाठी, आणि स्वतंत्र आधाराला दुसरा, जो पहिला तुटताच पकड घेतो. मोटेलाही नाडा आणि सोल असे भिन्न कामांचे दोन दोर असतच. आधार डोक्यावर असल्यामुळे मनुष्य थोडाच खाली जातो. पत्र्याच्या जे-बोल्टला दोर बांधण्याची वहिवाट मात्र तत्काळ बंद व्हावी.

लटकलेल्या बेशुद्ध मनुष्याच्या पायांत रक्त साचते व थोड्याच अवधीत जीव धोक्यात येतो, ही बाब बहुधा कोणाच्या ध्यानीमनी नसते. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 32 मध्ये उंचीवरील कामगाराच्या सुरक्षिततेची तरतूद होती. पण घराच्या छपरापर्यंत तो कायदा पोहोचत नव्हता. तेव्हा दोर कशाला बांधणार, किती लांब ठेवणार आणि लटकलेल्यास खाली कोण उतरविणार, याची तजवीज ठेकेदाराकडून मुक्रर करून घेतल्यावाचून घरमालकाने शिडी लावू देऊ नये.