सात दिवस गप्प बसलेले मित्र

रात्री अकरा वाजता मोबाईल वाजतो. मित्राने फोटो पाठवलाय. सोंगून ठेवलेल्या सोयाबीनची सुडी, वरची ताडपत्री उडालेली, आणि भिजलेल्या शेंगांना कोंब फुटलेले. खाली एकच ओळ, 'संपलं सगळं.' तुम्ही काय टाइप कराल?

मी काय केलं ते सांगते. 'देव परीक्षा बघतोय रे, खचू नको' असं लिहिलं, हात जोडलेला इमोजी टाकला आणि झोपून गेले. मित्राचं शेत अमडापूरजवळ. चार दिवस त्याचा रिप्लाय नाही. पाचव्या दिवशी आला, 'परीक्षा माझ्या बाबांचीच का?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे?

त्याच सुमाराला या पानासाठी नाताळवर काहीतरी लिही, असं मला सांगण्यात आलं. केक, स्टार, चर्चची रोषणाई हे दरवर्षी येतंच. माझ्या डोक्यातून मित्राचा प्रश्न जात नव्हता. म्हणून ठरवलं, अस्मानी संकट कोसळल्यावर ख्रिस्ती माणूस धीर कुठून आणतो, एवढंच शोधायचं. शोधताना आधी आपल्याच जिल्ह्यात आणि मग एका मराठी बाईपाशी येऊन पोचले.

आधी जिल्ह्याचं सांगते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ वऱ्हाडावर पाठोपाठ आले. १९०१ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या भरली ४,२३,६१६. दहा वर्षांत १२ टक्के घट! तुमच्या साठ जणांच्या वर्गात सात जागा रिकाम्या झाल्यात असं समजा. काही माणसं मेली, काही गाव सोडून गेली. अमडापूरच्या बल्लाळदेवीला तेव्हाही लोकांनी हात जोडले असतील, आणि 'आमच्यावरच का?' हेही विचारलं असेल. आपण चिखलीहून अमडापूरमार्गे ज्या खामगावला जातो, तिथे आणि पुढे अकोल्यात तेव्हा अमेरिकन मिशनऱ्यांनी दुष्काळात अनाथ झालेल्या मुलामुलींना आसरा दिला होता.

आता ती बाई. पंडिता रमाबाई आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटतात, त्या स्त्रीशिक्षणाच्या धड्यात. पण त्यांचं आयुष्य एकदा दुष्काळाच्या बाजूने वाचून बघा. १८७४ साली त्या सोळा वर्षांच्या होत्या. तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत फिरणारं त्यांचं कुटुंब दक्षिणेतल्या दुष्काळात सापडलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे उपासमारीने गेले, काही आठवड्यांत आई गेली, मग मोठी बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी देश तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. १८८० मध्ये भाऊही गेला. तेव्हा रमाबाई बावीस वर्षांच्या होत्या, म्हणजे आज माझं जे वय आहे तेवढ्या. १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले आणि पदरात एक लहान मुलगी राहिली.

१८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण धर्म बदलला त्या दिवशी मन शांत झालं, असं नाही. मनाला खरा आधार सापडायला आणखी आठ वर्षं लागली, हे त्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. विश्वास म्हणजे बटण दाबलं की लागणारा दिवा नाही, हे त्यांच्याकडून कळतं.

आणि मग १८९६ उजाडलं. मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची बातमी आली. ज्या बाईचं अर्धं घर दुष्काळाने खाल्लं, ती काय करेल? पेपर मिटून ठेवला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं. रमाबाई उठून तिथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला 'मुक्ती' उभं राहिलं. १९०० च्या सुमाराला, गुजरात-राजस्थानातल्या छप्पनिया दुष्काळानंतर, तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खोदल्या, शेती, विणकाम, छापखाना सुरू झाला. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जाऊ लागलं. 'माझे आईवडील का गेले' याचं उत्तर त्यांना मिळालं होतं का, कोण जाणे. पण आपण उपाशी राहिलो होतो हे त्या विसरल्या नाहीत.

हे बळ कुठून येतं, ते बघायला मी बायबल उघडलं. 'पापाची शिक्षा' वगैरे वाचायला मिळेल असं वाटलं होतं. तसे उल्लेख आहेतही. पण ईयोबाची गोष्ट वाचून मी थांबले. भल्या माणसाची गुरंढोरं जातात. वादळात घर कोसळून मुलंबाळं जातात. तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. तोवर सगळं ठीक असतं. मग ते तोंड उघडतात आणि 'तुझंच काहीतरी चुकलं असेल' असं समजावत सुटतात. शेवटी देव रागावतो तो त्या समजावणाऱ्यांवर, भांडणाऱ्या ईयोबावर नाही. मला माझा इमोजी आठवला.

दुसरी गोष्ट येशूची. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, यावर येशूचं उत्तर स्पष्ट आहे, नाही. प्रत्येकाने स्वतःकडे बघावं, एवढंच तो सांगतो. मेलेल्यांच्या माथी दोष मारायची सोयच राहत नाही. तरीही माणसं तो मारतच आली. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लिस्बनमध्ये भूकंप झाला. चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेली माणसं त्यात गेली. त्यानंतरही हा देवाचा कोप म्हणणारे निघालेच.

मग ख्रिस्ती आशा म्हणजे नेमकं काय? मला समजली ती अशी. देव लांब बसून परीक्षेचे पेपर तपासत नाही. तो गोठ्यात जन्मतो, मित्राच्या थडग्यापाशी रडतो, क्रुसावर स्वतः मरण सोसतो. दुःखात तो आपल्या बाजूला बसलेला असतो. आणि मरण हा शेवट नाही, असा पुनरुत्थानाचा भरवसा असतो. हा भरवसा तुमचा असेल किंवा नसेल. पण तो असलेला माणूस पूर आल्यावर हात बांधून बसत नाही, हे रमाबाईंकडे बघून मान्य करावं लागतं.

एक अवघड गोष्ट लपवायची नाही. दुष्काळात अन्न देताना धर्मही दिला गेला, हा आक्षेप मिशनऱ्यांवर तेव्हापासून आहे. शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात, म्हणून १८९३ मध्ये पुण्यात रमाबाईंवर मोठी टीका झाली. 'केसरी'ही त्यात होता. प्रश्न रास्त आहे. भुकेल्या माणसाची 'हो' किती मोकळी असते? मदतीला अट लागली की तिचा सौदा होतो, मग मदत चर्चची असो, मंडळाची असो, की पक्षाची. पण हा प्रश्न विचारताना, त्या मुलींना तेव्हा आणखी कोण घ्यायला गेलं होतं, हेही स्वतःला विचारायला हवं.

यंदा तुमच्याही ग्रुपवर असा फोटो येईल. कुठे गारपीट, कुठे ढगफुटी, कुठे नदी घरात. तेव्हा आधी 'का' चं उत्तर देऊ नका. ते तुमच्याकडे नाही. फोन करा. जमलं तर जा. तो देवाला शिव्या देत असेल तर देऊ द्या, ईयोबानेही तक्रार केलीच होती. मग पंचनाम्याचे कागद, भिजलेली वह्या-पुस्तकं, धाकट्या भावाची फी, यातलं एक काम स्वतःकडे घ्या.

मी त्याला शेवटी लिहिलं, 'मला माहीत नाही. रविवारी येते.' आणि गेले. अंगणात ताडपत्रीवर आम्ही उरलंसुरलं सोयाबीन पसरलं, काळे दाणे वेगळे केले. बराच वेळ कुणी बोललं नाही. काकूंनी चहा आणला. मित्राचे बाबा एवढंच म्हणाले, "आलीस, बरं वाटलं पोरी."

त्या रविवारी मी देवाचं नावही काढलं नाही.