‘चॅम्पियन’ : कथेतील उपरोध आणि त्याचे माध्यमांतर

कथेवरून चित्रपट झाला की काय वगळले आणि काय वाढविले याची यादी करण्याची प्रथा आपल्या समीक्षेत रूढ आहे. खरा बिकट प्रश्न निवेदनस्वराचा असतो. रिंग लार्डनर यांची ‘चॅम्पियन’ ही मुष्टियोद्ध्याची कथा (१९१६) आणि तीवरून मार्क रॉब्सन यांनी दिग्दर्शित केलेला त्याच नावाचा चित्रपट (१९४९) या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत.

लार्डनर मूळचे क्रीडापत्रकार. कथेच्या आरंभीच सतरा वर्षांचा मिज केली आपल्या पांगळ्या धाकट्या भावाला, कॉनीला, ठोशाने आडवा करतो; आईवरही हात टाकतो. पुढे आई आणि पत्नी पत्रांतून पैशासाठी याचना करतात, त्यांना तो दाद देत नाही. हे सारे निवेदक सामन्याचे वृत्त द्यावे तशा कोरडेपणाने सांगतो; निषेधाचा एक शब्द नाही. शेवटी वृत्तपत्रात मिजची गुणवान, कुटुंबवत्सल अशी प्रतिमा छापून येते. सत्य छापले तरी ते कोणाला नको असते, कारण तो विजेता आहे. कथेचा रोख मिजपेक्षा त्याला थोर मानू पाहणाऱ्या वाचकावर आहे.

बावधनच्या, किंबहुना सबंध मुळशीच्या, तालीम-परंपरेशी परिचित असलेल्या वाचकाला हे परके वाटू नये. मारुतीपुढे लंगोट कसणाऱ्या पैलवानाकडे गाव नुसते बळ मागत नाही, शीलही मागते. आणि ते नसले तर पुष्कळदा आहे असे मानून घेते.

कार्ल फोरमन यांच्या पटकथेपुढील अडचण उघड होती. पांगळ्या मुलावरचा ठोसा पडद्यावर दिसला की त्याचा कोरडेपणा संपतो. तो प्रसंग गेला. त्याऐवजी मालगाडीतून बाहेर फेकले गेलेले दोन निर्धन भाऊ आपणांस भेटतात, आणि कर्क डग्लस यांच्या मिजविषयी सहानुभूती निर्माण होते. क्रौर्याला असे कारण पुरविणे मला उणेपणाचे वाटते.

शेवट मात्र वेगळा विचार करावयास लावतो. कथेतील मिज विजेताच राहतो. चित्रपटातील मिज अखेरची झुंज जिंकून मेंदूतील रक्तस्रावाने मरतो. पापाची फेड झाली असे वाटत असतानाच कॉनी (आर्थर केनेडी) वार्ताहरासमोर भावाचा गौरव करतो. कथेत जे असत्य वृत्तपत्र रचते, तेच येथे कथेतील पहिल्या बळीच्या तोंडी येते. उपरोध निवेदकाच्या स्वरातून निघून पात्रात शिरला आहे. कॉनी हे प्रेमापोटी बोलतो, लाजेपोटी की निव्वळ सवयीने, याचा उलगडा पटकथा करीत नाही.