किमान दोघांसाठी

इटलीत बाहेर जेवण्याच्या जागांची प्रतवारी पूर्वीपासून त्यांच्या नावांवरूनच ओळखली जात आली आहे. ऑस्तेरिया म्हणजे वाइनच्या पेल्याबरोबर चार घास मिळण्याचे ठिकाण, त्रात्तोरिया म्हणजे एखाद्या कुटुंबाने चालवलेली घरगुती चवीची खाणावळ, आणि रिस्तोरान्ते म्हणजे शुभ्र टेबलक्लॉथ, छापील मेनू व शिकलेसवरलेले वाढपी असलेले औपचारिक भोजनगृह. अलीकडे या सीमा पुसट झाल्या आहेत; मोदेना शहरातील ‘ऑस्तेरिया फ्रान्चेस्काना’ नावाने ऑस्तेरिया असली, तरी जगातील सर्वोत्तम पन्नास रेस्तराँच्या यादीत ती २०१६ आणि २०१८ साली पहिली आली, आणि तेथील टेबले जेमतेम डझनभर आहेत. रोमच्या उत्तरेस वाकोने या खेड्यात तर ‘सोलो पेर दुए’, म्हणजे ‘फक्त दोघांसाठी’, नावाचे रेस्तराँ असून त्यात एकच टेबल आणि दोनच खुर्च्या आहेत.

दोन माणसांच्या पहिल्या भेटीसाठी इटालियन रेस्तराँ निवडण्याची रीत आता जगभर आढळते, आणि तिचे श्रेय सहसा मेणबत्त्यांना व मंद प्रकाशाला दिले जाते. ते श्रेय खरे तर जेवणाच्या क्रमाला द्यायला हवे. इटालियन जेवण एका ताटात वाढले जात नाही. भूक चाळवण्यासाठी आपेरितीवो हे हलके पेय, मग आन्तीपास्तो म्हणजे जेवणाआधीची तोंडीलावणी, त्यानंतर प्रीमो म्हणजे पास्ता किंवा भाताचा पहिला पदार्थ, सेकोंदो म्हणजे मासे वा मांसाचा दुसरा पदार्थ आणि त्याच्या सोबतीला कोन्तोर्नो ही भाजी, शेवटी दोल्चे म्हणजे गोड पदार्थ आणि त्याच्याही नंतर कॉफी, असे ते टप्प्याटप्प्याने येते. प्रत्येक पदार्थाचे प्रमाण बेताचे असते, दोन टप्प्यांमध्ये मुद्दाम अवकाश ठेवला जातो, आणि फारशी ओळख नसलेल्या दोघांचे बोलणे कुठे अडखळलेच, तर नव्याने समोर आलेला पदार्थ बोलायला विषय पुरवतो.

हा अवकाश स्वयंपाकघरात कसा घडतो, हे रिसोत्तो या भाताच्या पदार्थावरून चांगले समजते. इटालियन मेनूत रिसोत्तोच्या पुढे अनेकदा बारीक अक्षरांत ‘किमान दोन व्यक्तींसाठी’ असे छापलेले असते. एकट्याच्या वाट्याचा तांदूळ पातेल्यात इतका थोडा असतो, की त्यातील कढण भराभर आटते आणि दाणा एकसारखा शिजत नाही. शिवाय चांगला रिसोत्तो ऐन वेळीच करावा लागतो. कार्नारोली किंवा व्हियालोने नानो जातीचा, भरपूर स्टार्च असलेला तांदूळ प्रथम कोरडा वा लोण्यावर परततात, त्यावर वाइन घालून ती उडू देतात, आणि मग गरम कढण पळीपळीने घालत सुमारे सोळा ते अठरा मिनिटे पातेल्यापाशी उभे राहतात. शेवटी पातेले आचेवरून उतरवून त्यात थंड लोणी आणि किसलेले चीज जोराने घोटले जाते. या क्रियेला मान्तेकातूरा म्हणतात. तिच्यामुळे तांदळातून सुटलेला स्टार्च आणि स्निग्धांश एकजीव होऊन भात आसट खिचडीसारखा सैल होतो, पण त्यातला दाणा मात्र गाभ्याशी किंचित कणीदार राहतो. ताटली कलती केली की तो लाटेसारखा सरकला पाहिजे, ही त्याची परीक्षा. दोघांनी एकच पदार्थ मागवण्याची अट आणि त्यासाठी थांबण्याची सक्ती, या दोन्ही गोष्टी येथे पाककृतीतूनच आलेल्या आहेत.

या साध्या पदार्थाला उंची रेस्तराँच्या टेबलावर मानाचे स्थान मिळवून देण्यात ग्वाल्तिएरो मार्केसी या शेफचा मोठा वाटा आहे. त्यांनी १९७७ साली मिलानमध्ये रेस्तराँ उघडले आणि १९८५ मध्ये त्याला मिशलिन मार्गदर्शिकेचे तीन तारे मिळाले. इटलीतील कोणत्याही रेस्तराँला हा सर्वोच्च दर्जा प्रथमच मिळत होता. १९८१ सालच्या त्यांच्या प्रसिद्ध रिसोत्तोत केशरी भात सपाट ताटलीत पसरून त्याच्या मध्यभागी सोन्याचा वर्ख ठेवलेला असे. वर्खाकडे सर्वांचे लक्ष जाई, पण खरे कौशल्य लोण्यात होते. कांदा वाइन आणि व्हिनेगरमध्ये शिजवून, गाळून टाकून, त्याचा आंबटसर अर्क लोण्यात फेटलेला असल्याने कांद्याचा एकही तुकडा दाताखाली न येता त्याची चव मात्र भातभर पसरत असे.

मान्तोवा प्रांतातील ‘दाल पेस्कातोरे’ हे सान्तिनी कुटुंबाचे रेस्तराँ याच्या दुसऱ्या टोकाला आहे. १९२५ च्या सुमारास खेड्यातील खाणावळ म्हणून सुरू झालेल्या या जागेला १९९६ साली तीन तारे मिळाले, आणि तेथील नादिया सान्तिनी स्वयंपाक शिकल्या त्या घरातील वडीलधाऱ्या बायकांच्या हाताखाली. लाल भोपळा, आमारेत्ती ही बदामाची बिस्किटे आणि मोस्तार्दा हा मोहरीच्या झणक्याचा फळांचा मुरंबा यांचे सारण भरलेली पास्त्याची तोर्तेल्ली ही तेथील खासियत. पहिल्या भेटीत लांब स्पगेटीशी झटापट करण्यापेक्षा एका घासाची तोर्तेल्ली केव्हाही सोयीची.

काही रिवाज मात्र आता मोडायला हवेत. उंची रेस्तराँत यजमानाच्या हाती किमतींचा मेनू आणि पाहुण्याच्या, बहुधा स्त्रीच्या, हाती किमती नसलेला ‘शिष्टाचाराचा मेनू’ देण्याची जुनी पद्धत आहे. बरोबरीच्या नात्याने भेटणाऱ्या दोघांपैकी एकाला हिशेबापासून दूर ठेवणे हा सन्मान नव्हे; दोघांनाही किमती दिसाव्यात हेच योग्य. याउलट बिलाचा इटालियन रिवाज जपण्यासारखा आहे. तेथे मागितल्याशिवाय बिल टेबलावर आणणे असभ्य समजले जाते, कारण त्याचा अर्थ पाहुण्यांना उठा म्हणणे असा होतो. बिलात ‘कोपेर्तो’ नावाची माणशी आकारणी दिसते, ती पाव आणि टेबलाच्या मांडणीची असते. तिला टिप समजू नये.

शाकाहारी वाचकांनी, जेवण मिलानमध्ये असो वा मुंबईत, काही गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात. अस्सल पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या जठरातील रेनेट या विकराने विरजले जाते, मिलानच्या पारंपरिक केशरी रिसोत्तोत हाडातील मगज असतो, ताज्या पास्त्याच्या कणकेत बहुधा अंडे असते आणि पान्ना कोत्ता जिलेटिनने घट्ट केलेले असते. हे सारे टेबल राखून ठेवतानाच फोनवर सांगावे. रिसोत्तो ऐन वेळी शिजत असला, तरी त्याचे कढण कित्येक तास आधी चढवलेले असते.