दौलतीचा प्रपंच, लेखांक ६ : साग, पाषाण आणि जकातीची चौकी

मागील लेखांकात कुरणांचा विचार झाला; आता ज्या दोन वस्तूंवाचून वाडा उभा राहत नाही, त्या सागाकडे व पाषाणाकडे वळू. वडोद्याच्या वाडी भागातील एखाद्या जुन्या वाड्याच्या चौकात क्षणभर उभे राहावे. सागाचा खांब जमिनीत पुरलेला नसतो; ओल व वाळवी यांना वर चढण्यास वाट मिळू नये म्हणून तो घडीव दगडाच्या तळखड्यावर नुसता बसविलेला असतो; त्याच्या माथ्यावर हस्त, हस्तांवर तुळई, तुळईवर कडीपाट, आणि भिंती मात्र विटांच्या. दगड जोत्यापुरता आणि तळखड्यापुरता. ही काटकसर रुचीची नव्हे, भूगोलाची आहे. कारण विश्वामित्रीकाठची भूमी सारी गाळाची, तेथे विटा हव्या तितक्या भाजाव्यात, पण साग वा खडक लांबून आणल्याखेरीज मिळावयाचा नाही.

साग होता तो दक्षिणेस, सोनगड-व्याऱ्याकडे आणि त्यापलीकडे डांगात. पिलाजीराव गायकवाडांनी १७१९च्या सुमारास सोनगडास ठाणे केले आणि वडोदे घराण्याकडे कायमचे आले ते १७३४ साली. म्हणजे राजधानीच्या आधी जंगल हाती आले, असा हा उलटा क्रम! तथापि जंगल ताब्यात असणे निराळे आणि लाकूड ताब्यात असणे निराळे. डोंगरातील भिल्ल राजे व नाईक आपला गिरास, म्हणजे उत्पन्नातील वाटा, हक्काने मागत, आणि तो चुकला की वाट बिकट होई. सागाचा ओला ओंडका पाण्यावर तरंगत नाही, डोंगरी नद्यांना पाणी पावसाळ्यापुरतेच. तेव्हा सारी भिस्त बैलांवर व गाडीवाटेवर. अशा मुलखात उभ्या झाडांची मोजदाद कोण करणार? सरकारची नजर झाडापेक्षा वाटेवर अधिक. परवाना, गाडी आणि जकातीची चौकी, एवढ्यातच जंगलाचा बहुतेक कारभार आटपे.

याच शतकाच्या आरंभी, सुमारे १७१५ साली, रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात झाडाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले होते. आरमारासाठी साग राज्यातील अरण्यातून हुजुराच्या परवानगीने तोडावा. आंबा-फणस उपयोगी खरे, पण रयतेने ती झाडे लेकरांप्रमाणे वाढविलेली, म्हणून त्यांना हात लावू नये. एखादे जीर्ण झाडच हवे असेल तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन घ्यावे. यात दया आहेच. पण माझ्या मते हिशेबही तितकाच पक्का आहे, कारण ज्याचे झाड एकदा बळाने नेले, तो पुन्हा रोप लावीत नाही.

दगडाचे गणित त्याहून रोखठोक. पाथरवट खडकात ओळीने भोके पाडतो, त्यांत पाचरी बसवितो, आणि घणाचे घाव पाळीपाळीने घालून चीर धरवितो. पण खाणीवरची मजुरी थोडी, वाहतूक भारी. पुण्याला जवळिकीचे सुख होते : शनिवारवाड्यास (१७३०–३२) साग जुन्नरच्या रानांतून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीहून आला. वडोद्यास वालुकाश्म संखेड्याकडील सोनगीरचा. लक्ष्मीविलास राजवाड्याएवढी दगडी इमारत येथे उठली ती १८९०च्या सुमारास, आगगाडीच्या काळात.

शनिवारवाडा १८२८च्या आगीत जळाला; साग गेला, जोती राहिली. वाडीत आग लागत नाही, वाडा विकला जातो. जुन्या सागाचे गिऱ्हाईक सर्वांत आधी येते आणि तुळया मोजून नेते. तळखडा मात्र कोणी उचलीत नाही. तो दाराबाहेर सरकवला जातो, आणि संध्याकाळी म्हातारी माणसे त्यावर बसतात.

(पुढील लेखांकी : चुना आणि विटांच्या भट्ट्या)