हेडसेटवाचून आभासी वास्तव

आभासी वास्तवाचे सॉफ्टवेअर लिहावयाचे तर हेडसेट हाती हवाच, असे समजून आपली अनेक मुले या विषयाच्या वाटेला जात नाहीत. हा समज अर्धाच खरा आहे. तो कुठे खरा व कुठे खोटा, हे माझ्या कामाच्या आधारे सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी अमेरिकेत डोक्यावर बसविण्याचे असे यंत्र दाखविले, तेव्हा ते छताला टांगावे लागत होते. आज ते चष्म्यासारखे चढविता येते. पण तत्त्व बदललेले नाही. डोके कुठे आहे व कुठे वळले आहे हे यंत्र मोजते आणि त्यानुसार दोन डोळ्यांसाठी दोन वेगळी चित्रे काढली जातात. सॉफ्टवेअरला डोके दिसत नाही, त्याच्याकडे फक्त आकडे येतात: स्थानाचे तीन, वळण्याचे तीन, तसेच हातांचे व बटणांचे.

हे आकडे माणसाच्या मानेकडून आले की संगणकाच्या कळफलकाकडून, याची सॉफ्टवेअरला पर्वा नसते. सिम्युलेटर उभा आहे तो नेमका या गोष्टीवर. २०१९ साली ओपनएक्सआर हे सामाईक मानक आले आणि एकेका कंपनीच्या यंत्रासाठी वेगळे लिहिण्याची गरज कमी झाली. मोनॅडो ही मुक्त प्रणाली या मानकानुसार खोटा हेडसेट उभा करते. युनिटीत असा सिम्युलेटर मिळतो, ब्राउझरसाठीही मिळतो. गोडो हे इंजिन तर फुकट आहे.

वसतिगृहातल्या मुलांसाठी मी एक आभासी प्रयोगशाळा अशीच लिहिली. चंचुपात्र उचलणे, आम्ल ओतणे, क्रम चुकला तर सूचना देणे, ही सारी कामे माऊस फिरवून तपासता आली. कामाचा मोठा भाग हेडसेटवाचून होतो, हे मी खात्रीने सांगतो.

पुढे एका परिचिताचा हेडसेट तासाभरासाठी मिळाला. पहिल्याच मुलाच्या छातीपर्यंत टेबल आले! सिम्युलेटरमधले डोके सहसा प्रौढ माणसाच्या उंचीवर असते आणि मी तेच प्रमाण धरले होते. पडद्यावर झोकदार वाटणाऱ्या वळणाने दुसऱ्या मुलाला मळमळू लागले. डोळे म्हणतात वळलो, कान व शरीर म्हणतात वळलो नाही. त्या विसंवादाची ही मळमळ. सूचनांतली जोडाक्षरे पुसट दिसली, कारण तेवढीच अक्षरे हेडसेटमध्ये फार थोड्या बिंदूंवर काढली जातात. शिवाय सेकंदाला ७२ चित्रे द्यावयाची, म्हणजे एका चित्रास सुमारे १४ मिलिसेकंद. माझ्या संगणकाने ती वेळ पाळली, हेडसेटमधल्या लहान चिपला ती पाळता येईना.

सिम्युलेटरने या चारांपैकी एकही दोष दाखविला नव्हता. त्याच्या लेखी सारे ठीक होते.

सहानुभूतीने लिहिणे आणि भोगून लिहिणे यांतील अंतर या पानांच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद पुरा झाला होता. परंतु २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी व हजारो माणसांनी ओंजळीने पाणी घेतले, तेव्हाच तो ठराव किती खरा होता याची परीक्षा झाली. पाठोपाठ झालेल्या मारहाणीने तिचा निकालही दिला. सिम्युलेटर म्हणजे असाच एक ठराव आहे. तो आवश्यक आहे, पण पुरेसा नाही.

म्हणून माझे सांगणे दुहेरी आहे. हेडसेटची वाट पाहत बसू नका. आजच लिहावयास लागा. टेबलाची उंची पाहणाऱ्याच्या उंचीवरून ठरवा, वळण सरकते न ठेवता टप्प्याटप्प्याचे ठेवा, अक्षरे मोठी घ्या. आणि जे हेडसेटवर तपासलेले नाही, ते तपासलेले नाही असे स्पष्ट लिहा. त्यात लाज नाही.

मात्र सिम्युलेटर मिळतो म्हणून हेडसेटची मागणी सोडू नका. वाडा बांधणाऱ्याने वाड्याबाहेरच उभे राहावे, ही रीत आपण पुष्कळ पाहिली. आपण उभारलेल्या खोलीत आपल्यालाही शिरता आले पाहिजे. महाविद्यालयात, वसतिगृहात, वाचनालयात एक तरी हेडसेट सर्वांसाठी असावा, ही मागणी मी चैनीची समजत नाही.