५१ मार्क, तरी सर्टिफिकेट नाही!

ऑनलाइन कोर्स आपली परीक्षा घेतो. पण त्या कोर्सची परीक्षा कोण घेणार? आपणच!

असाइनमेंटला २५ पैकी २३. परीक्षेत ७५ पैकी २८. बेरीज ५१. निकाल? सर्टिफिकेट नाही.

हे माझेच मार्क. 'स्वयम'वरचा एनपीटीईएलचा बारा आठवड्यांचा कोर्स होता. नियम पहिल्या दिवसापासून समोर होता : असाइनमेंटला किमान १० आणि परीक्षेत किमान ३० हवेतच, मग बेरीज कितीही होवो. मी दोन मार्कांनी हुकले आणि तीन क्रेडिट्स लटकले.

आता खरं सांगते. ते २३ मार्क माझे नव्हतेच. दर आठवड्याला ग्रुपवर उत्तरं यायची, पाच मिनिटांत टिक केलं की काम खल्लास. व्हिडिओ मात्र सगळे पाहिले, दीडपट स्पीडने. सर इतकं छान शिकवायचे, की वाटायचं, समजलं सगळं!

घोळ तिथेच झाला. समजणं वेगळं आणि समजल्यासारखं वाटणं वेगळं.

रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये याच विषयावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी आधी वाचला आणि मग न बघता तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत म्हणजे 'आमच्या लक्षात राहील' असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता.

हार्वर्डमध्ये फिजिक्सच्या वर्गांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यात गुळगुळीत लेक्चर ऐकणाऱ्या मुलांना आपण जास्त शिकलो असं वाटलं. प्रत्यक्षात जास्त शिकली ती स्वतः गणितांशी झटापट केलेली मुलं. म्हणजे 'सर भारी शिकवतात' हे ऐकून किंवा स्टार मोजून कोर्स निवडला, तर फसायची शक्यता आहेच.

मग कोर्स जोखायचा कसा? 'स्वयम'च्या कोर्सला चार पाय असतात : व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःची चाचणी आणि चर्चेचा फोरम. आपण एकाच पायाकडे बघतो. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, परीक्षेचा फॉर्म आणि फी नंतर असते. तेव्हा पहिले दोन आठवडे ट्रायल समजा आणि एवढं तपासा :

१. आधी असाइनमेंट उघडा. प्रश्न व्हिडिओतलं वाक्य जसंच्या तसं विचारतात, की डोकं लावायला लावतात? उत्तर चुकलं तर का चुकलं, हे कळतं का?

२. फोरममध्ये डोकावा. मुलांच्या शंकांना उत्तरं मिळतात का? किती दिवसांनी? स्वतः एक प्रश्न टाकून बघा. नुसते 'थँक यू सर' दिसत असतील तर सावध व्हा.

३. नेट आणि भाषा. हॉस्टेलच्या वायफायवर चालणारा कोर्स गावी गेल्यावर चालेल का? नोट्स डाउनलोड होतात का? इंग्रजी झेपत नसेल तर भाषांतर मिळतं का तेही बघा.

४. क्रेडिटचं आधी विचारा. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स 'स्वयम'वरून करायची मुभा कॉलेज देऊ शकतं. 'देऊ शकतं' हे महत्त्वाचं. आपला कोर्स त्यांच्या यादीत आहे का, हे डिपार्टमेंटकडून आधीच लेखी घ्या. नंतर 'तुला कोणी सांगितलं होतं?' ऐकावं लागायला नको.

५. वही टेस्ट. व्हिडिओ संपला की लॅपटॉप बंद करा. कोऱ्या पानावर आठवेल ते लिहा. दोन आठवडे प्रामाणिकपणे करूनही पान कोरंच राहत असेल, तर कोर्स बदला. पान कोरं राहण्याचं कारण आपला दीडपट स्पीड असेल, तर कोर्स नका बदलू. स्पीड बदला.

तोच कोर्स मी या सेमिस्टरला पुन्हा घेतलाय. ग्रुप सोडला. तिसऱ्या आठवड्याच्या असाइनमेंटमध्ये दहापैकी सहाच उत्तरं बरोबर आली. चुकलेल्यांपैकी दोन का चुकली ते कळलं. उरलेली दोन काल रात्री फोरमवर विचारलीत. उत्तराची वाट बघतेय.